थोरल्यांचा खांदा आणि कोरडे वंगण

सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता रंधा मशीनवर एक फळी अर्ध्या वाटेत अडली. थोरल्यांनी ती ढकलली. ती हलली नाही. त्यांनी आणखी जोर लावला, तेव्हा फळीऐवजी त्यांचा उजवा खांदा हलला, आणि तोही नको त्या दिशेला. डाव्या हाताने मशीन बंद करून ते स्टुलावर बसले आणि "काही नाही" असे म्हणाले. अडतीस वर्षांच्या संसारात वहिनींनी त्यांच्या "काही नाही"चे तीन प्रकार वेगळे ओळखायला शिकून घेतले होते. हा तिसरा होता.

"रविवारी माणूस येतोय," त्या पॉलिशच्या खोलीतून हात पुसत बाहेर आल्या. "मशीन बघायला."

"कोण माणूस?"

"ज्याला मशीन हवंय तो. मागच्या महिन्यात डॉक्टर काय म्हणाले? खांदा ठेवा नाहीतर मशीन ठेवा. तुम्ही म्हणालात, बघू. मी दोन वेळा बघितलं. आता तिसऱ्यांदा बघायचं नाहीये मला."

थोरल्यांनी अडलेल्या फळीवर हात ठेवला. घरामागच्या या लांबट शेडमध्ये गेली चाळीस वर्षे ते रोज साडेआठला कुलूप काढत आले होते. रंधा मशीन गेले की लाकूड सपाट होणार नाही, लाकूड सपाट झाले नाही की पुढचे कुठलेच काम होणार नाही, आणि कुलूप काढायचे कारण उरणार नाही. हा हिशोब शेडमधल्या तिघांनाही तोंडपाठ होता, त्यामुळे तो कुणी बोलून दाखवला नाही.

शेडमधले तिसरे माणूस म्हणजे धाकटे. हे थोरल्यांचे बंधू. साहित्य-परीक्षण प्रयोगशाळेत एकतीस वर्षे त्यांनी दोरखंड, साखळ्या आणि पट्टे तुटेपर्यंत ओढले होते आणि ते कुठे तुटले याची नोंद ठेवली होती. निवृत्तीला दोन वर्षे झाली होती. हाती आलेला वेळ त्यांनी सुरुवातीला मोजून पाहिला, तेव्हा तो अपेक्षेपेक्षा बराच जास्त निघाला. तीन गल्ल्या पलीकडे ते एकटेच राहत, आणि आठवड्यातून एकदा थोरल्यांकडे "सहज" येत. सहज येण्याचा वारही त्यांनी ठरवून घेतला होता: सोमवार.

ते पुढे झाले, वाकले, आणि मशीनच्या लोखंडी टेबलावरून त्यांनी नख फिरवले. नखात तपकिरी, चिकट असे काहीतरी आले.

"दादा, यावर काय लावलंस?"

"तेल. पावसाळी हवेत गंज चढतो."

"आणि तेलावर भुसा बसला. भुशाने तेल प्यायलं, तेलाने भुसा धरला. हे टेबल राहिलं नाही, डिंकाची थाळी झालीये. लाकडाच्या मशीनला ओलं वंगण चालत नाही. कोरडं लागतं."

"मग मेणबत्ती घासतो. झालं!"

"कशावरून?"

"म्हणजे?"

"मेणबत्तीच का? शंखजिरं का नाही? ग्रॅफाइट का नाही? सिलिकॉनचा स्प्रे का नाही?"

"आमचे वस्ताद मेणबत्ती घासायचे."

"वस्ताद घासायचे हा पुरावा नव्हे, दादा. ती आठवण झाली."

थोरल्यांनी वहिनींकडे पाहिले. वहिनींनी छताकडे पाहिले. धाकट्यांनी मात्र खिशातून वही काढली होती, आणि एकदा वही निघाली की त्यांना थांबवणे कुणाच्या बापाच्या हातात नसे.

"वहिनी, रविवारपर्यंत मुदत द्या. टेबल घासतं म्हणून दादाला जोर लावावा लागतो, जोर लावावा लागतो म्हणून खांदा दुखतो. घर्षण कमी केलं की खांदा थांबेल. मी हे सिद्ध करून दाखवतो."

"आणि नाही झालं सिद्ध?"

"तर मशीन घेऊन जायला त्या माणसाला मी स्वतः हात लावीन."

त्या दिवशी दुपारभर त्यांनी थिनरने टेबल धुतले आणि प्रयोगाची आखणी केली. साफ करण्याआधीच त्यांनी आठ किलोची एक फळी मशीन बंद असताना टेबलावर ठेवून स्प्रिंगच्या ताणकाट्याने ओढून पाहिली होती. काटा चार पूर्णांक एक किलो दाखवत होता. यापुढे रोज सकाळी टेबल थिनरने पुसून एक वंगण लावायचे, काटा वाचायचा, थोरल्यांनी दिवसभर नेहमीचे काम करायचे, आणि संध्याकाळी खांदा किती दुखतो ते दहापैकी सांगायचे.

"आत्ता किती दुखतोय?"

"दुखतोय."

"दहापैकी?"

"पुष्कळ."

"दादा, पुष्कळ हा आकडा नाही."

"मग लिही सव्वासात."

"सव्वा कुठून आला?"

"तू वर्गात असताना पाव मार्कासाठी मास्तरांशी भांडायचास. मी मागितला तर चालत नाही?"

धाकट्यांनी सात लिहिले.

खरी अडचण पुढे होती. परीक्षकाला वंगण कोणते हे ठाऊक असले, की काटा वाचताना त्याचा डोळा आपल्या आवडत्या बाजूला झुकतो. धाकट्यांचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि या बाबतीत ते स्वतःलाही सवलत देत नसत. म्हणून त्यांनी वहिनींच्या हाती मलमाच्या पाच रिकाम्या, मोठ्या डब्या दिल्या. पाच सारख्या पांढऱ्या चिंध्या घ्यायच्या. एकीला मेण, एकीला शंखजिरे, एकीला ग्रॅफाइट, एकीला सिलिकॉन लावायचे आणि पाचवी कोरीच ठेवायची. डब्यांवर एक ते पाच क्रमांक घालायचे. कोणत्या डबीत काय आहे ते फक्त वहिनींनी कागदावर लिहून पाकिटात बंद करायचे.

"कोरी कशाला?" वहिनींनी विचारले.

"काही न लावता किती फरक पडतो ते कळायला."

"काही न लावता फरक कसा पडेल?"

"तेच तर बघायचंय. आणि वहिनी, शनिवारपर्यंत मला एक अक्षरही सांगायचं नाही. मी हातापाया पडलो तरी."

"नाही सांगणार," वहिनी म्हणाल्या. पुढे हे वचन त्यांना फार जड जाणार होते.

मंगळवारी दोन क्रमांकाची चिंधी निघाली. काटा एक पूर्णांक आठवर आला. थोरले फळ्या ढकलत होते, धाकटे मशीनच्या पलीकडच्या टोकाला उभे राहून निरीक्षण करत होते. संध्याकाळी खांदा चार.

बुधवारी पाच क्रमांकाची डबी उघडली आणि धाकट्यांना आपल्या योजनेतले भोक दिसले. चिंधी काळीकुट्ट होती. ही ग्रॅफाइटची आहे हे न ओळखायला परीक्षक खरोखरच आंधळा असायला हवा होता. दुसरा कुणी असता तर त्याने खांदे उडवले असते. धाकट्यांनी तत्काळ डोळे मिटून घेतले.

"हे काय नवीन?" थोरल्यांनी विचारले.

"मी काही पाहिलेलं नाही. टेबल कुठे आहे?"

"तुझ्यासमोर."

डोळे मिटूनच त्यांनी टेबल घासले, डोळे मिटूनच डबीचे झाकण लावले, आणि डोळे मिटूनच ते मागे सरले. मागे सरताना तोल गेला, तेव्हा हाताला जे लागले त्याचा त्यांनी आधार घेतला. ते एका वकीलबाईंनी करायला दिलेले लिहिण्याचे टेबल होते: फिकट, जवळजवळ दुधी लाकडाचे, तासून-घासून पॉलिशसाठी तयार ठेवलेले. डोळे उघडले तेव्हा त्या दुधी लाकडावर दोन्ही तळव्यांचे काळे ठसे उमटले होते. बोटांवरच्या रेषा मोजता आल्या असत्या इतके स्पष्ट.

थोरले पाठमोरे होते. धाकट्यांनी आजन्म कुठली नोंद लपवली नव्हती. पण ती नोंद निदान पुसट करावी असे त्यांना वाटले, आणि माणूस आहे म्हटल्यावर ते क्षम्य मानायला हरकत नाही. शेजारी डब्या ओळीने मांडलेल्या होत्या. एकीचे झाकण अर्धवट लागलेले होते आणि आतली चिंधी दिसायला पांढरी, स्वच्छ होती. डोळ्यांना दिसणारी चिंधी कोरी असू शकते, मेणाची असू शकते, शंखजिऱ्याची असू शकते आणि सिलिकॉनचीही असू शकते, हा विचार त्यांना सुचायला हवा होता. तो सुचला, पण पुसून झाल्यावर. ठसे पुष्कळसे गेले. कोपऱ्यात बोटाएवढी करडी सावली तेवढी राहिली. चिंधी त्यांनी घडी घालून चार क्रमांकाच्या डबीत परत ठेवली. काटा एक पूर्णांक सहा. संध्याकाळी खांदा चार.

गुरुवारी धाकट्यांची दाताच्या डॉक्टरांकडे वेळ ठरलेली होती. सकाळी येऊन त्यांनी एक क्रमांकाची चिंधी लावली. काटा वाचला आणि पुन्हा वाचला: एक पूर्णांक दोन. सगळ्यांत कमी! त्यांनी आनंद चेहऱ्यावर येऊ दिला नाही, कारण निरीक्षणाच्या वेळी आनंद अशास्त्रीय असतो, आणि ते निघून गेले. संध्याकाळी अर्धा जबडा बधिर अवस्थेत त्यांनी फोन केला.

"हिती?"

"काय हिती?"

"हांदा! हहापैही हिती?"

"आठ," थोरले म्हणाले. "मेलो आज."

धाकट्यांनी आठ लिहिले आणि त्याभोवती वर्तुळ काढले. त्यांचा आवडता उमेदवार सगळ्यांत वाईट ठरला होता.

शुक्रवारी सकाळी ते आले तेव्हा वहिनी पॉलिशच्या खोलीच्या दारात हात कमरेवर ठेवून उभ्या होत्या. आत वकीलबाईंच्या टेबलावर पॉलिश चढले होते, पण ते कुठेच ठरले नव्हते. सबंध पृष्ठभागावर मुगाएवढे खळगे पडले होते. टेबलाला देवी आल्यासारखे दिसत होते.

"काल दोनदा हात मारला. दोनदा हेच. भाऊजी, तुम्ही चार नंबरच्या..."

"वहिनी! सांगू नका!"

"अहो पण ती चिंधी काळी..."

"प्रयोग फुटेल!" धाकट्यांनी कानांत बोटे घातली. "आणखी एकच दिवस! उद्या पाकीट उघडू!"

"उद्या टेबल न्यायला बाई येतायत! तुम्हाला टेबल हवंय का प्रयोग?"

"ऐकू येत नाही!" धाकटे म्हणाले, आणि ते जवळपास खरे होते.

वहिनींनी दोनदा तोंड उघडले आणि दोनदा मिटले. वचन म्हणजे वचन, आणि शिवाय त्यांना आता पुढे काय होते ते पाहायची इच्छाही झाली असावी. चूक आपली आहे एवढे धाकट्यांना कळले होते. कोणती, ते कळून घ्यायची त्यांनी स्वतःला बंदी केली होती. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी स्वतःच पॉलिशपेपरने सगळे टेबल घासून काढले. तोच कागद वाया जाऊ नये म्हणून शेजारच्या दोन स्टुलांनाही फिरवला. वहिनींनी तिसऱ्यांदा पॉलिश लावले. टेबलाची देवी कायम राहिली आणि दोन्ही स्टुलांना तिची लागण झाली.

"आता सांगू?" वहिनींनी शांतपणे विचारले.

धाकट्यांनी स्टुलांकडे पाहिले. अज्ञान हा प्रयोगात गुण असला तरी त्याची लागण होते, असे कुठल्याही पुस्तकात त्यांनी वाचले नव्हते.

"सांगा."

"चार नंबर सिलिकॉन. ते लाकडात शिरलं की त्यावर पॉलिश जन्मात बसत नाही. जिथे पॉलिशचं काम चालतं तिथे ते आणायचंच नसतं. तुम्ही यादी केलीत तेव्हा मी सांगणार होते, पण तुम्ही म्हणालात, मत नको, मोजमाप हवं. हे घ्या मोजमाप."

चार क्रमांकाचा उमेदवार टेबलावर चढण्याआधीच असा बाद झाला. शुक्रवारची दुपार थिनरने पुसण्यात गेली: एक चिंधी एकदाच वापरायची, पुन्हा नवी. त्यावर वहिनींनी लाखेच्या पॉलिशचा पातळ थर दिला, तो कोरडा झाल्यावर नेहमीचे पॉलिश, आणि खळगे बुजले. थर कोरडे होईपर्यंतच्या वेळात थोरल्यांनी मशीनवर तीन क्रमांकाच्या चिंधीने काम केले होते, आणि धाकटे पलीकडे निरीक्षणाला उभे होते. काटा दोन पूर्णांक चार. संध्याकाळी खांदा तीन.

शनिवारी दुपारी वकीलबाई आल्या, टेबलाभोवती एक फेरी मारली आणि कोपऱ्यावर बोट ठेवले.

"ही सावली कसली?"

वहिनी काही सफाईदार बोलणार, तेवढ्यात धाकट्यांनी बुधवारपासूनचा सगळा वृत्तान्त वेळ आणि क्रमांकासह सांगितला. डोळे मिटल्याचेही वगळले नाही.

"म्हणजे तुम्ही पुरावा पुसायला गेलात आणि नवा पुरावा तयार केलात," बाई म्हणाल्या.

"हो."

"माझे निम्मे अशील हेच करतात. पण तुमच्यासारखं सांगत कुणी नाही." आणि सावलीवर पर्स ठेवून त्यांनी टेबल गाडीत चढवायला सांगितले.

बाई गेल्यावर पाकीट उघडले. एक: मेण. दोन: शंखजिरे. तीन: कोरी. पाच: ग्रॅफाइट.

"म्हणजे मेणबत्तीच ना?" थोरले म्हणाले.

"मेणच. सगळ्यांत कमी घर्षण, डाग नाही, पॉलिशला बाधा नाही. आता आपल्याला माहीत झालं."

"मला आधीच माहीत होतं."

"तुला वाटत होतं, दादा. योगायोगाने बरोबर वाटत होतं."

पण धाकट्यांचा स्वर पडलेला होता. वंगण सापडले होते, पण युक्तिवाद कोसळला होता. घर्षण कमी झाले की खांदा थांबेल, असे त्यांनी सांगितले होते. वहीत मात्र सगळ्यांत निसरड्या दिवशी आठ होते, आणि जेव्हा टेबलाला काहीच लावले नव्हते तेव्हा तीन. त्यांनी आकडे दोनदा तपासले. आकडे इमानदार होते. त्यात शब्द फिरवायला जागा नव्हती.

"वहिनी," ते वही मिटत म्हणाले, "सिद्ध झालं नाही. उद्या तो माणूस आला की मी हात लावीन."

थोरले उठले आणि फडक्याने मशीन पुसू लागले. पुसण्यासारखे त्यावर काही नव्हते. धाकट्यांनी दोरखंड तुटताना पुष्कळ पाहिले होते. शेवटच्या क्षणी ते असेच शांत असत.

वहिनींनी वही ओढून घेतली, चष्मा लावला आणि पानावरून बोट खाली नेले. सात, चार, चार, आठ, तीन.

"भाऊजी, गुरुवारी तुम्ही कुठे होतात?"

"दातांच्या डॉक्टरांकडे."

"आणि बाकीचे दिवस?"

"इथेच. मशीनच्या पलीकडे. निरीक्षण करत."

"निरीक्षण करताना हात कुठे होते?"

धाकट्यांनी आठवून पाहिले. फळी पलीकडे आली की ती जमिनीवर पडू नये म्हणून ते धरत. धरली की ओढून घेत. ओढून घेतली की परत थोरल्यांच्या बाजूला नेऊन ठेवत, कारण रिकामे उभे राहणे त्यांना जमत नसे. दिवसाला शंभर-सव्वाशे फळ्या. त्यांनी याची कुठेही नोंद केली नव्हती. एकतीस वर्षांच्या नोकरीत परीक्षक स्वतःच दोर ओढू लागल्याचे हे पहिले उदाहरण होते.

"दादा, तुझ्या लक्षात आलं नाही?"

"आलं की," थोरले म्हणाले. "मंगळवारीच आलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू म्हणालास, नेहमीसारखं काम कर. आणि..." थोरल्यांनी फडक्याची घडी घातली. "बोललो असतो तर तू हात मागे घेतला असतास."

धाकट्यांनी आपले तळहात उलटून पाहिले. मग धाकट्यांतला परीक्षक शुद्धीवर आला.

"पण एका गुरुवारवरून निष्कर्ष काढता येत नाही, वहिनी. त्या दिवशी लाकूड जड असेल, हवा दमट असेल. नीट करायचं तर निदान तीस दिवस लागतील. मेण कायम ठेवायचं. काही दिवस मी यायचं, काही दिवस नाही. कोणते ते मी ठरवायचं नाही, दादानेही नाही. रविवार सोडून रोज सकाळी नाणं उडवायचं."

"कुणी?"

"तिसऱ्या माणसाने. ज्याला निकालाचं काही पडलेलं नाही."

"मी उडवीन," वहिनी म्हणाल्या. "छापा आला तर यायचं, काटा आला तर घरी. मी आठला फोन करत जाईन." आणि त्याच फोनवरून त्यांनी रविवारच्या माणसाला कळवले, की मशीनची तपासणी चालू आहे, महिनाभर येऊ नका.

सोमवारी आठ वाजता फोन आला. "छापा," वहिनी म्हणाल्या. मंगळवारी छापा. बुधवारी छापा. त्या आठवड्यात खांदा चारवरून तीनवर आला, पुढच्या आठवड्यात दोनवर, आणि धाकट्यांच्या तळहातांना, निवृत्तीनंतर प्रथमच, घट्टे पडू लागले.

दुसऱ्या गुरुवारी सकाळी आठ वाजता फोन वाजला.

"छापा आला हो भाऊजी. या."

फोन ठेवून धाकट्यांनी वही उघडली. हा सलग दहावा छापा होता. नाणे सरळ असेल तर असे घडण्याची शक्यता एक हजार चोवीसात एक. आयुष्यात याहून कमी संशयास्पद गोष्टींसाठी त्यांनी माणसांना समोर बसवून उलटतपासणी घेतली होती, काटे उघडून पाहिले होते, संपूर्ण चाचण्या रद्द केल्या होत्या. नाणे दाखवा, एवढेच म्हणायचा अवकाश होता. ते काही वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले.

मग त्यांनी दहाव्या ओळीत सुवाच्य अक्षरात लिहिले: "छापा. अशक्य नाही." आणि साडेआठच्या आत पोहोचावे म्हणून चपला अडकवल्या.